विक्रम नेमके काय मोजतो? : ‘माइनस्वीपर’ या संगणकीय लघुखेळातील वेळस्पर्धेचा विचार

बीजसंज्ञा : संगणकीय लघुखेळ, विक्रम, संभाव्यता, मापन, पडताळणी

प्रास्ताविक

संगणकीय लघुखेळ साधारणतः दोन ठिकाणी आढळतात. काही लघुखेळ एखाद्या मोठ्या खेळाच्या पोटात असतात. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ (२००१) या लढतीच्या खेळातील ‘होम-रन कॉन्टेस्ट’ हा उपखेळ त्यांपैकी एक होय. त्यात प्रतिस्पर्धी नाही. दहा सेकंदांत वाळूच्या एका पोत्यावर प्रहार करीत राहावयाचे आणि अखेरीस बॅटच्या एका तडाख्याने ते शक्य तितके दूर भिरकावून द्यावयाचे, एवढाच त्याचा मामला. दुसऱ्या प्रकारचे लघुखेळ संगणकाच्या कार्यप्रणालीबरोबर विनामूल्य येत असत. ‘माइनस्वीपर’ हा त्यांतील सर्वाधिक परिचित. महाविद्यालयाच्या कार्यालयात वा प्रयोगशाळेत विंडोज ९५, ९८ किंवा एक्स-पी असलेल्या संगणकावर ज्यांनी काम केले आहे, त्यांना ती करड्या चौकोनांची जाळी आणि तिच्या माथ्यावरील पिवळा हसरा चेहरा यांचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही.

या दोन्ही प्रकारांत कथानक नसते, पात्रांचा विकास नसतो. डाव संपल्यावर हाती उरतो तो केवळ एक आकडा. हा आकडा सुधारण्याचा ध्यास घेऊन जगभरातील खेळाडूंनी वर्षानुवर्षे जी स्पर्धा चालविली, ती मनोरंजनाच्या इतिहासातील एक तळटीप म्हणून सोडून देण्यासारखी नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण या स्पर्धेत एक मूलभूत प्रश्न अतिशय स्वच्छ रूपात समोर येतो. विक्रम नेमके काय सिद्ध करतो? खेळाडूचे कौशल्य, त्याचे दैव, त्याने केलेल्या प्रयत्नांची संख्या, की मोजणाऱ्या साधनाचे गुणदोष? माइनस्वीपरच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

खेळाचे स्वरूप

रॉबर्ट डोनर आणि कर्ट जॉन्सन यांनी तयार केलेला हा खेळ १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज एन्टरटेनमेंट पॅक’मधून प्रसिद्ध झाला आणि १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर तो घरोघरी पोहोचला. नियम थोडके आहेत. जाळीतील काही घरांखाली सुरुंग दडलेले असतात. सुरक्षित घर उघडले की त्याच्या सभोवतालच्या आठ घरांत किती सुरुंग आहेत तो अंक दिसतो. सभोवती एकही सुरुंग नसेल तर ते घर रिकामे उघडते आणि त्याच्या लगतचा सारा मोकळा प्रदेश आपोआप खुला होतो. सुरुंग नसलेली सर्व घरे उघडली म्हणजे डाव जिंकला. सुरुंगाचे घर ओळखून त्यावर निशाण रोवता येते. परंतु जिंकण्यासाठी निशाणाची गरज नाही.

पातळ्या तीन. प्राथमिक पातळीवर दहा सुरुंग असतात (जुन्या आवृत्त्यांत ८ × ८ घरांत, नंतरच्या आवृत्त्यांत ९ × ९ घरांत), मध्यम पातळीवर १६ × १६ घरांत ४० आणि तज्ज्ञ पातळीवर ३० × १६ घरांत ९९. म्हणजे मध्यम पातळीवर सुमारे १५.६ टक्के घरे सुरुंगाची, तर तज्ज्ञ पातळीवर २०.६ टक्के. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात सुरुंगांची दाटी एवढी वाढली की मोकळे प्रदेश आक्रसतात, अंक एकमेकांत गुंतत जातात आणि तर्काने न सुटणाऱ्या जागा वारंवार उद्भवतात. जुन्या आवृत्त्यांत पहिलेच घर सुरुंगाचे निघाले तर तो सुरुंग गुपचूप उचलून डाव्या वरच्या कोपऱ्यातील पहिल्या रिकाम्या घरात ठेवला जाई. नवशिक्याला मिळणारी सवलत एवढीच. या नियमानुसार खेळताना संगणकावरील उत्तमोत्तम सोडवणूक-प्रणालीही तज्ज्ञ पातळीवरील निम्म्याहून अधिक डाव गमावतात.

अनुभवी खेळाडू अंकांची बेरीज-वजाबाकी करीत बसत नाही. न उघडलेल्या घरांच्या सरळ भिंतीलगत १-२-१ असे अंक ओळीने आले की दोन्ही एकांच्या समोर सुरुंग आणि मधले घर सुरक्षित, हे त्याला दिसते. १-२-२-१ आले की दोनांच्या समोर सुरुंग. अशा आकृतिबंधांचा मोठा साठा हळूहळू डोळ्यांत मुरतो. बुद्धिबळातील निष्णात खेळाडूला पट जसा समूहांनी दिसतो, तसेच हे.

पुनरावृत्तीचे गणित

विक्रमाच्या मागे लागलेला खेळाडू दिवसाला शेकडो डाव मांडू शकतो. धावपटू वर्षातून मोजक्याच शर्यती धावतो, आणि प्रत्येक शर्यतीचा शरीराला दाम मोजावा लागतो. माइनस्वीपरचा डाव मनासारखा पडला नाही तर पिवळ्या चेहऱ्यावर क्लिक करावयाचे की नवा पट तयार. या एका गोष्टीमुळे विक्रमाचा अर्थच बदलतो. तो कसा बदलतो हे समजण्यास थोडे गणित पुरेसे आहे.

एका खेळाडूची कल्पना करू. त्याच्यात कोणतीही सुधारणा होत नाही. त्याचा प्रत्येक पूर्ण झालेला डाव त्याच एका कौशल्याने खेळलेला आहे. वेळ कमी-अधिक होते ती पट सोपा-अवघड पडल्यामुळे. अशा खेळाडूने शंभर डाव पूर्ण केले, तर त्यांतील सर्वांत जलद डाव नेमका शंभरावा असण्याची शक्यता शंभरात एक. तसेच दहाव्या डावाला मागील सर्वांपेक्षा जलद ठरण्याची शक्यता दहात एक. म्हणून त्याच्या वैयक्तिक विक्रमांची अपेक्षित संख्या म्हणजे १ + १/२ + १/३ + १/४ अशी वाढत जाणारी बेरीज होय. ही बेरीज दहा डावांनंतर २.९३, शंभर डावांनंतर ५.१९, हजार डावांनंतर ७.४९ आणि दहा हजार डावांनंतर ९.७९ भरते. पहिला डाव अर्थातच विक्रमच असतो. तो वगळला तरी, ज्याच्यात तसूभरही प्रगती झालेली नाही असा खेळाडू हजार डावांत सरासरी सहा-साडेसहा वेळा स्वतःचा विक्रम मोडतो, आणि प्रत्येक वेळी आपण पूर्वीपेक्षा चांगले खेळू लागलो असा त्याचा प्रामाणिक समज होतो.

या गणिताचा उलट उपयोगही आहे. दहा हजार डाव खेळून झालेल्या अशा स्थिर खेळाडूच्या पुढील हजार डावांत अपेक्षित विक्रम केवळ ०.०९५, म्हणजे जवळजवळ शून्य. त्या टप्प्यावर कोणी हजार डावांत पाच वेळा विक्रम मोडला, तर त्याच्या हातात वा डोळ्यांत खरोखर काही घडले आहे असे खुशाल मानावे. तात्पर्य, आरंभीचे विक्रम बोलतात कमी, उशिराचे विक्रम बोलतात जास्त. आणि किती डावांमागे हा विक्रम झाला हे ठाऊक नसेल तर नुसत्या आकड्यावरून खेळाडूविषयी फारच थोडे समजते. विक्रमांच्या याद्यांत नेमकी हीच माहिती बहुधा नसते.

अध्यापकांना हा मुद्दा परका वाटू नये. समान कुवतीच्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने एकच चाचणी दिली आणि दुसऱ्याने तीन देऊन त्यांतील उत्तम गुण धरले, तर दुसऱ्याचा गुण वरचढ ठरण्याची शक्यता चारात तीन असते. चारही प्रयत्नांपैकी सर्वोत्तम प्रयत्न कोणाच्या वाट्याचा, एवढाच हा प्रश्न आहे. ‘उत्तम तेवढे धरा’ ही पद्धत दयाळू आहे, आणि ती ठेवू नये असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु तिच्यातून निघणारा आकडा कुवतीबरोबरच संधींची संख्याही मोजत असतो.

नशीब मोजण्याचा प्रयत्न

सारे पट सारखे नसतात ही अडचण खेळाडूंना फार लवकर जाणवली. एखाद्या पटावर दोन-तीन क्लिकमध्ये अर्धी जाळी मोकळी होते, तर दुसऱ्यावर घर न् घर लढवावे लागते. मैदानी स्पर्धांनीही हीच अडचण अनुभवली आहे. शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीत पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक असेल तर ती वेळ विक्रम म्हणून नोंदवली जात नाही. वारा हा धावपटूचा गुण नव्हे, हे मान्य करूनच तो नियम झाला.

माइनस्वीपरमधील वारा मोजण्याचे माप ‘थ्री-बी-व्ही’ या नावाने ओळखले जाते. स्टेफान बेख्टेल यांच्या नावावरून ते रूढ झाले. निशाणे न लावता संपूर्ण पट सोडविण्यासाठी डाव्या बटणाच्या किमान किती क्लिक लागतील, ती संख्या म्हणजे त्या पटाचे हे मूल्य. प्रत्येक सलग मोकळा प्रदेश एका क्लिकचा. मोकळ्या प्रदेशाला न लागलेले प्रत्येक अंकाचे घर एका क्लिकचे. तज्ज्ञ पातळीवरील बहुतेक पटांचे मूल्य शंभर ते अडीचशेच्या दरम्यान येते. या मापाने तुलना कशी पालटते ते पाहण्यासारखे आहे. समजा, एकाने १२० मूल्याचा पट ४० सेकंदांत सोडविला आणि दुसऱ्याने १८० मूल्याचा पट ५० सेकंदांत. घड्याळ पहिल्याला श्रेष्ठ ठरवील. परंतु पहिल्याचा वेग सेकंदाला ३ आणि दुसऱ्याचा ३.६. हात दुसऱ्याचाच जलद.

खेळाडूंच्या समुदायाने यातून दोन मार्ग काढले. फारच कमी मूल्याच्या पटांवरील वेळा विक्रमयादीतून वगळल्या, आणि वेळेच्या यादीबरोबर वेगाची स्वतंत्र यादी ठेवली. तथापि या मापालाही मर्यादा आहेत आणि त्या दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. ते क्लिक मोजते, विचार मोजत नाही. समान मूल्याच्या दोन पटांपैकी एकावर परिचित आकृतिबंधांची रांग असू शकते, तर दुसऱ्यावर पाच-सहा अंकांची गुंफण एकदम ध्यानात घेतल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. शिवाय निशाणे लावून खेळणाऱ्याला एक पळवाट उपलब्ध आहे. अंकाएवढी निशाणे लागली की दोन्ही बटणे एकदम दाबून सभोवतालची उरलेली सर्व घरे एका फटक्यात उघडता येतात. त्यामुळे कुशल खेळाडूच्या एकूण क्लिक या तथाकथित किमान संख्येपेक्षाही कमी भरू शकतात. ‘किमान’ हा शब्द निशाणे न लावण्याच्या अटीशी बांधलेला आहे, हे मापाचे नाव घेताना पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

जागतिक क्रमवारीसाठी तिन्ही पातळ्यांवरील उत्तम वेळांची बेरीज करण्याचा प्रघात पडला. तीही सदोषच म्हणावी लागेल. समजा, एखाद्याच्या वेळा अनुक्रमे १, १० आणि ४० सेकंद आहेत. प्राथमिक पातळीवर निम्म्याने सुधारणा केली तरी बेरजेत अर्धाच सेकंद कमी होतो. तज्ज्ञ पातळीवर पाच टक्के सुधारणेने दोन सेकंद घटतात. बेरीज तिघांची, वजन मात्र एकाचे.

पुराव्याचा प्रश्न

मापन सुधारले तरी विश्वासाचा प्रश्न उरतोच. विंडोजमधील मूळ खेळ स्पर्धेसाठी बनविलेला नव्हता, आणि त्याच्या प्रत्येक उणिवेचा कोणी ना कोणी लाभ उठविला.

पहिली उणीव घड्याळाची. ते फक्त पूर्ण सेकंद दाखवी, आणि पहिल्या क्लिकबरोबर लगेच १ हा अंक उमटे. प्राथमिक पातळीवर एक सेकंदाच्या वेळा नोंदवणारे पुष्कळ झाले आणि त्यापुढे जाण्यास वाटच उरली नाही. मैदानी स्पर्धांत हाताने घेतलेल्या वेळा सोडून १९७७ पासून शंभर मीटरसारख्या लहान शर्यतींच्या विक्रमांसाठी संपूर्ण स्वयंचलित वेळनोंद सक्तीची झाली, त्यामागे हेच कारण होते. दुसरी उणीव नोंदीची. विंडोज ३.१ च्या काळात उत्तम वेळा एका साध्या मजकूर-फाईलमध्ये साठविल्या जात. ती उघडून कोणताही आकडा लिहावा. तिसरी अधिकच गमतीची. ‘एक्स-वाय-झेड-झेड-वाय’ ही अक्षरे टंकून शिफ्ट व एन्टर दाबले की पडद्याच्या डाव्या वरच्या टोकाचा एकच ठिपका, माऊसखालील घर सुरक्षित असल्यास पांढरा आणि सुरुंगाचे असल्यास काळा होई. ठिपका इतका सूक्ष्म की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही तो दिसू नये.

यंत्राच्या साहाय्याचा प्रश्न तर खेळ बाजारात येण्याच्या सुमारासच उपस्थित झाला होता. काइल ऑरलंड यांच्या ‘माइनस्वीपर’ (२०२३) या पुस्तकात त्याची हकीकत आली आहे. बिल गेट्स यांना या खेळाने इतके वेड लावले की त्यांनी तो आपल्या संगणकावरून काढून टाकला, आणि मग एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या कक्षात जाऊन ते खेळू लागले. प्राथमिक पातळीवर त्यांनी अवघ्या काही सेकंदांची वेळ मिळविली, तेव्हा एका कर्मचाऱ्याने स्वतः न खेळता, पुनःपुन्हा क्लिक करून नवा डाव मांडणारी आज्ञावली लावून दिली आणि एक सेकंदाची वेळ गाठून गेट्स यांना मागे टाकले. वर सांगितलेल्या पुनरावृत्तीच्या गणिताचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण. येथे कौशल्य शून्य आहे. प्रयत्नांची संख्या तेवढी प्रचंड आहे.

परंतु स्पर्धेला खरा धक्का बसला तो वेगळ्याच शोधाने. यादृच्छिक भासणाऱ्या मांडण्या प्रत्यक्षात मर्यादित असून त्या ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, असे खेळाडूंच्या लक्षात आले. सुरुंग मांडणारी संख्यानिर्मितीची पद्धत तोकडी होती. एक विलक्षण सोपी मांडणी तर ‘स्वप्नपट’ या अर्थाच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. ती समोर आली की ओळखावयाची आणि पाठ केलेल्या जागी क्लिक करीत सुटावयाचे. यात फसवणूक झाली काय? खेळाडूने फाईल बदलली नाही, आज्ञावली वापरली नाही. पट खेळानेच दिला, क्लिक त्यानेच केल्या. तरीही समुदायाने पूर्वज्ञानाच्या आधारे मिळविलेल्या वेळा अमान्य केल्या. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निर्णय योग्य होता. अज्ञात पट वाचणे हा या खेळाचा प्राण आहे, आणि पाठ केलेला पट वाचावाच लागत नाही. फुटलेल्या प्रश्नपत्रिकेवर मिळालेले गुण आपण ज्या कारणाने रद्द करतो, त्याच कारणाने.

पुढे खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय समितीने विंडोजमधील मूळ खेळच विक्रमांसाठी अग्राह्य ठरविला. त्याऐवजी खेळाडूंनीच लिहिलेल्या ‘आर्बिटर’, ‘व्हिएन्नास्वीपर’ यांसारख्या प्रतिरूपांना मान्यता मिळाली. ही प्रतिरूपे सेकंदाचे अंश मोजतात, पटाचे मूल्य दाखवितात आणि माऊसची प्रत्येक हालचाल नोंदवून डावाची फेरतपासणी शक्य करतात. म्हणजे ज्या खेळातील विक्रम गाठावयाचा, तो खेळच विक्रमासाठी नव्याने बांधावा लागला.

वेगाची किंमत

विक्रमाच्या ध्यासाने खेळण्याची रीतही बदलली. निशाणे रोवण्यात वेळ जातो म्हणून पुष्कळ निष्णात खेळाडूंनी ती सोडून दिली. सुरुंग मनातच लक्षात ठेवावयाचे. याहून महत्त्वाचा बदल अंदाजाच्या बाबतीत झाला. जिंकण्यासाठी खेळणारा माणूस अडलेल्या जागी थांबतो, शक्यता तोलतो आणि कमीत कमी धोक्याचे घर निवडतो. विक्रमासाठी खेळणाऱ्याच्या दृष्टीने ते दोन सेकंदच महाग असतात. तो तत्क्षणी एक घर उघडतो. सुरुंग फुटला तर नवा डाव. हरलेल्या डावांची नोंद कोठेच होत नसल्यामुळे हरणे फुकट पडते, आणि जे फुकट पडते त्याची फिकीर कोणी करीत नाही. तज्ज्ञ पातळीचा विक्रम आज तीस सेकंदांच्या खाली उतरला आहे. ९९ सुरुंगांची जाळी एवढ्या अवधीत सोडविणारा हात आणि डोळा असामान्य आहेत यात शंका नाही. मात्र सर्वांत जलद खेळाडू आणि सर्वाधिक डाव जिंकणारा खेळाडू ही एकच व्यक्ती असेलच असे यातून निघत नाही.

याच खेळाची दुसरी बाजू गणितज्ञांनी पाहिली, आणि तेथे घड्याळाला स्थान नव्हते. बर्मिंगहॅम विद्यापीठातील रिचर्ड के यांनी २००० मध्ये असे सिद्ध केले की, अर्धवट उघडलेला पट सुसंगत आहे किंवा नाही, म्हणजे दिसणाऱ्या सर्व अंकांशी जुळणारी सुरुंगांची एखादी तरी मांडणी संभवते काय, हे ठरविण्याचा प्रश्न ‘एनपी-पूर्ण’ या कठीण वर्गात मोडतो. क्ले गणित संस्थेने ज्या सात प्रश्नांना प्रत्येकी दहा लाख डॉलरचे पारितोषिक त्याच वर्षी जाहीर केले, त्यांपैकी एकाशी हा वर्ग निगडित आहे. पुढे २०११ मध्ये स्कॉट, स्टेगे आणि व्हान रोय यांनी एक मार्मिक भेद दाखविला. खेळाडूपुढील पट सुसंगत असतोच. त्याला शोधावयाचे असते ते निश्चितपणे सुरक्षित असे घर. हा प्रश्न वेगळा असून तो ‘को-एनपी-पूर्ण’ वर्गात येतो. कठीणपणा टळला नाही, त्याचे नाव तेवढे बदलले. विक्रमवीर मात्र हा कठीणपणा सोडवीत नाही. तो ज्या पटावर उद्भवला तो पट टाकून देतो.

विंडोजमधील खेळाचे पुढे काय झाले ते थोडक्यात नमूद करावे. भूसुरुंगांनी जायबंदी होणाऱ्यांच्या दृष्टीने हा विषय असंवेदनशील असल्याचा आक्षेप इटलीतील एका मोहिमेने घेतला होता. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टात सुरुंगांऐवजी फुलांचा पर्याय होता. २०१२ मधील विंडोज ८ पासून हा खेळ कार्यप्रणालीबरोबर येईनासा झाला. स्पर्धा त्यापूर्वीच त्याला सोडून पुढे गेली होती. अलीकडे केवळ तर्काने सुटतील असेच पट देणारी ‘विनाअंदाज’ रीत लोकप्रिय झाली आहे. त्यात दैवाचा एक मोठा वाटा निघून जातो, पण पटांची जातही बदलते. म्हणून त्या पटांवरील वेळांची यादी निराळी ठेवली जाते. जाळी तीच, सुरुंगही तेवढेच असूनही या दोन याद्यांतील वेळांची आपसात तुलना केली जात नाही.